किडनी परत येण्याची वाट

मिठी नदी मरोळला वळसा घालून जाते. विहार आणि पवईचे तलाव भरून वाहू लागले की ते पाणी आरेच्या उतारावरून खाली येतं आणि मरोळ, साकीनाका, विमानतळाची धावपट्टी, कुर्ला असं करत माहीमच्या खाडीला मिळतं. उन्हाळ्यात तिला कुणी नदी म्हणत नाही. जुलैत सखल गल्ल्यांतल्या घरांत पाणी शिरलं की मग तिचं नाव सगळ्यांना आठवतं. पाणी ओसरतं, चिखल धुतला जातो, आणि आठ-दहा दिवसांनी इथल्या डायलिसिस केंद्रात वेगळ्याच वयाची माणसं दिसू लागतात.

एरवी या केंद्रातली मंडळी ठरलेली असतात. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने किडन्या गेलेले काका-मावश्या, आठवड्यातून दोन-तीनदा, आपापल्या ठरलेल्या वेळेला. उशी-चादर घरून आणलेली. स्वतःचं ‘ड्राय वेट’, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, तोंडपाठ. टेक्निशियन त्यांच्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या धमनी-शिरेवर, बोटं ठेवतो, आत रक्ताची थरथर लागते का पाहतो आणि मगच सुया लावतो. ही थरथर नसेल तर त्या दिवसाचं सगळं गणित बिघडतं.

पावसाळ्यातला रुग्ण मात्र पंचविशी-तिशीचा असतो. एमआयडीसीत माल चढवणारा, दुचाकीवरून पार्सल पोचवणारा, नाल्याकाठच्या चाळीत राहणारा. गेल्या आठवड्यापर्यंत धडधाकट. आता डोळे पिवळे, पोटऱ्यांना हात लावू देत नाही, लघवी जवळपास बंद. फिस्टुला असण्याचा प्रश्नच नाही, म्हणून मानेच्या शिरेत नळी घातलेली. मी पाहत होतो त्या दुपारी असा एक मुलगा कोपऱ्यातल्या खाटेवर होता. टेक्निशियनने मशीनची चाचणी केली, डायलायझरमधून सलाइन सोडलं, तो उभा धरून टिचक्या मारत हवेचे बुडबुडे बाहेर काढले. त्या नळकांड्यात केसाहून बारीक अशा हजारो पोकळ तंतूंचा जुडगा असतो. तंतूंच्या आतून रक्त, बाहेरून उलट दिशेने डायलिसिसचं पाणी. नेहमीच्या रुग्णाला चार तास लागतात आणि तेवढ्या वेळात साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी वापरलं जातं. या मुलाला पहिल्या दिवशी दोनच तास, तेही रक्ताचा वेग कमी ठेवून. साचलेला युरिया एकदम उतरवला तर मेंदूला सूज येऊ शकते.

बाहेर त्याची आई उभी होती. तिचा एकच प्रश्न: “दादा, आता हे कायमचं का?”

टेक्निशियन म्हणाला, “मावशी, आत्ता ते कुणालाच सांगता यायचं नाही. तुम्ही लघवी मोजून लिहीत जा. तेवढं करा.”

मला हे उत्तर आधी टोलवाटोलवीचं वाटलं. तसं ते नव्हतं. संशोधकांनी गेल्या काही दशकांत अशा अचानक बंद पडलेल्या किडनीबद्दल जे शोधलं आहे, त्याचा निम्मा अर्क त्या वाक्यात होता.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. एवढं पाणी बाहेर गेलं तर माणूस तासाभरातच कोलमडेल. म्हणून गाळणीच्या पुढे ज्या सूक्ष्म नलिका असतात, त्यांच्या भिंतीतल्या पेशी बहुतेक सगळं परत ओढून घेतात: पाणी, मीठ, साखर. उरतं ते दीड-दोन लिटर. हे ओढण्याचं काम अखंड चालतं, म्हणून या पेशी ऊर्जानिर्मितीच्या मायटोकाँड्रियांनी गच्च भरलेल्या असतात आणि त्यांना प्राणवायू सतत लागतो. रक्तदाब घसरला, विष आलं, जंतू आले, की पहिला फटका यांना.

पावसाळ्यातल्या या रुग्णांचा आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, बोलीत लेप्टो. त्याच्या जंतूचं, लेप्टोस्पायराचं, घरच तिथं. उंदराच्या किडनीतल्या नलिकांमध्ये हा जंतू मुक्काम करतो. उंदराला काहीही होत नाही, तो मूत्रावाटे जंतू सोडत राहतो. साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्याच्या पायाला चिरा, जखमा असतील तर जंतू आत. १९०७ साली आर्थर स्टिमसन या अमेरिकी संशोधकाने पीतज्वराने मेला असं मानल्या गेलेल्या एका रुग्णाच्या किडनीचे काप चांदीच्या द्रावणाने रंगवले, तेव्हा नलिकांमध्ये त्याला टोकाला वाकलेले, प्रश्नचिन्हासारखे जंतू दिसले. नावही त्याने तसंच दिलं: इंटेरोगन्स. जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी त्यानंतर काही वर्षांनी या आजाराचं कारण पक्कं केलं. म्हणजे हा जंतू पहिल्यांदा माणसाला दिसला तोच किडनीच्या पेशींपाशी.

लेप्टोची एक खूण डॉक्टर नेमकी टिपतात. किडनी बंद पडली की रक्तातलं पोटॅशियम चढतं. म्हणून केंद्रातल्या नेहमीच्या रुग्णांना शहाळं, केळी वर्ज्य. लेप्टोत बरेचदा उलटं होतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, रक्तात चढलेलं आणि पोटॅशियम मात्र नेहमीइतकं किंवा कमीच. जंतू नलिकेतल्या पेशींची मीठ परत ओढण्याची यंत्रणा बिघडवतो, आणि वाया जाणाऱ्या मिठाच्या ओढीने पोटॅशियमही निघून जातं. एकाच खोलीत शेजारच्या दोन खाटांवर पथ्य असं परस्परविरुद्ध असू शकतं.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. गाळणीतल्या पोडोसाइट नावाच्या पेशी एकदा गेल्या की जवळपास गेल्याच. त्या विभागून नव्या होत नाहीत. मधुमेहाच्या रुग्णाची किडनी परत येत नाही त्याचं हे एक मोठं कारण. नलिकेतल्या पेशींचं तसं नाही. मार बसला की त्यांतल्या काही मरून सुटतात आणि नलिकेतच अडकून ती तुंबवतात. वाचलेल्या पेशी आपला आकार सोडतात, चपट्या होतात, उघड्या पडलेल्या भिंतीवर पसरतात, विभागतात आणि मग पुन्हा कामाला लागतात. नव्या पेशी येतात कुठून, यावर बराच वाद होता. बेंजामिन हम्फ्रीज आणि जोसेफ बॉनव्हेंट्र यांनी २००८ मध्ये उंदरांच्या नलिकापेशींवर आधीच आनुवंशिक खूण करून ठेवली आणि मग किडनीला इजा केली. दुरुस्तीनंतरच्या पेशींवर तीच खूण होती. बाहेरून कुणी आलं नव्हतं. वाचलेल्यांनीच घर पुन्हा उभं केलं होतं.

मशीन किडनी बरी करत नाही. ते फक्त माणसाला तेवढे दिवस जगवतं. मग खरा प्रश्न येतो तो मशीन लावायचं कधी हा. फुप्फुसात पाणी भरलं, पोटॅशियम धोक्याच्या वर गेलं, शुद्ध हरपू लागली, तर चर्चा नाही, लगेच. पण हे काहीच नसताना नुसता क्रिएटिनिनचा आकडा चढत असेल तर? लवकर लावलं तर रक्त लवकर साफ, असं कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही वाटत होतं. दुसरी बाजू अशी की डायलिसिस चालू असताना रक्तदाब घसरतो, आणि नुकत्याच सावरू पाहणाऱ्या पेशींना पुन्हा प्राणवायू कमी पडतो.

हा प्रश्न परळच्या केईएम रुग्णालयात हाती घेतला गेला. डॉ. तुकाराम जमाले, डॉ. हासे आणि सहकाऱ्यांनी २०८ रुग्ण घेतले. हे बाहेरून, घरीच किडनी बिघडून आलेले रुग्ण होते. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. एका गटाला युरिया नायट्रोजन ७० च्या किंवा क्रिएटिनिन ७ च्या वर गेलं की डायलिसिस. दुसऱ्या गटाला डॉक्टरांना खरंच गरज दिसेल तेव्हाच. निबंध २०१३ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ किडनी डिसीजेसमध्ये आला. लवकर लावलेल्या गटात मृत्यू २०.५ टक्के, थांबलेल्या गटात १२.२ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठाम नाही, म्हणून ‘लवकर लावल्याने माणसं दगावली’ असं म्हणता येत नाही. लवकर लावल्याने फायदा झाला नाही, हे मात्र म्हणता येतं. आणि थांबलेल्या गटातल्या काहींना मशीनची गरजच पडली नाही.

त्यानंतर २०१६ मध्ये जर्मनीतल्या एका रुग्णालयाने लवकर लावण्याच्या बाजूने कौल दिला, फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासाने तो दिला नाही. अखेर २०२० मध्ये अनेक देशांतल्या सुमारे तीन हजार रुग्णांचा स्टार्ट-एकेआय हा अभ्यास आला. ९० दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखे, ४४ टक्क्यांच्या आसपास. पण घाईने डायलिसिस सुरू केलेल्यांपैकी जे वाचले, त्यांत मशीनवर अवलंबून राहिलेल्यांचं प्रमाण जास्त: १०.४ टक्के, दुसऱ्या गटात ६. ते रुग्ण अतिदक्षता विभागातले, केईएमचे वेगळे, म्हणून एकाचा निष्कर्ष दुसऱ्यावर जसाच्या तसा चढवता येत नाही. तरी माझं मत सांगतो. ज्या रुग्णालयात खाट मिळणं मुश्कील, तिथल्या डॉक्टरांनी रोजची ओपीडी सांभाळून हा प्रश्न सात वर्षं आधी नीट मांडला होता. आपल्याकडे संशोधन म्हटलं की काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. या कामाला लागली ती नीट ठेवलेली नोंदवही आणि ‘अजून थांबू’ म्हणण्याचं धाडस.

ते धाडस वॉर्डात कसं दिसतं? रोज सकाळी लघवीचं मोजमाप. शंभर मिलिलिटर, दोनशे, मग एका दिवशी हजारावर. तेव्हा डॉक्टर मशीन एक दिवस पुढे ढकलतात, क्रिएटिनिन पुन्हा पाहतात. आकडा चढला नाही तर आणखी एक दिवस. आणि मग नळी काढून टाकायची चर्चा.

मरोळ गावाचा साथीशी जुना संबंध आहे. आजच्या सीप्झच्या आवारात १५७९ मध्ये बांधलेल्या चर्चचे अवशेष उभे आहेत. १८४० च्या साथीत तिथली वस्ती उठली आणि मरोळला आली. तेव्हा साथ कशाची ते कळायला सूक्ष्मदर्शकाचा आधार नव्हता, घर सोडणं एवढंच हातात होतं. आज लेप्टोबाबत तसं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर लेप्टोची मोठी लाट आली, आणि तेव्हापासून महापालिका दर पावसाळ्यात लेप्टोपासून बचावाची सूचना देते आहे.

म्हणून मरोळकरांना आणि मिठीच्या काठच्या सगळ्यांनाच विनंती. साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. ताप आणि पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं तर अंगदुखीची गोळी दुकानातून स्वतः आणू नका. त्यांतल्या अनेक गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. प्रतिबंधाची गोळी महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते.