उदक आणि पाणी

मूल केव्हा चालू लागते हे पाहणे तुलनेने सोपे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली सांगितले, की आधाराविना चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान येते. एवढे अंतर, तरी शेजारच्या मुलाशी तुलना काही थांबत नाही!

भाषेचे मोजमाप अवघड. संशोधक मुलाचे घरातले बोलणे ध्वनिमुद्रित करतात, किंवा आईपुढे शब्दांची यादी ठेवून यातले कोणते ते बोलते, असे विचारतात. पण यादी कुठल्या भाषेतली? पेडणे-डिचोलीतले मूल घरात ‘उदक’ मागते, बालवाडीत ‘पाणी’. नुसती मराठी यादी धरली, तर घरचे शब्द गळतात आणि चांगले बोलणारे मूल मागे पडलेले ठरते. बार्बरा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी मायामीतल्या इंग्रजी-स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांचे दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरले (१९९३), तेव्हा ती एकभाषी मुलांच्या बरोबरीची निघाली.

बालवाडीच्या शिक्षिकांना मी म्हणेन, ‘बोलत नाही’ असा शेरा लिहिण्याआधी मुलाच्या आजीला विचारा. मग दोन आकडे मांडा: शब्द किती आणि कल्पना किती. उदक-पाणी हे शब्द दोन, कल्पना एक.