संगणकीय तांत्रिक कौशल्य आणि ऑनलाइन समुदाय : मराठी आंतरजालाच्या संदर्भात

प्रस्तावना :
आंतरजालावर एकत्र येणारे लोक तंत्रनिष्णात असतात आणि म्हणूनच ते सामान्य माणसाहून वेगळे पडतात, असा एक समज सुशिक्षित वर्गात दीर्घकाळ रूढ आहे. या समजात तथ्य किती आणि भ्रम किती, याची तपासणी प्रस्तुत लेखात मुख्यतः मराठी आंतरजालाच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :
आरंभीच्या काळापुरता हा समज खरा होता. १९७८ मध्ये शिकागो येथे वॉर्ड ख्रिस्टेन्सन व रँडी स्यूस यांनी सुरू केलेला संगणकीय सूचनाफलक काय किंवा १९७९ मध्ये टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी कल्पिलेले युजनेट काय, तेथे पोहोचण्यासाठी मोडेम व संगणक-आज्ञा यांचे ज्ञान अनिवार्यच होते. परंतु १९८५ मध्ये सुरू झालेल्या 'वेल' या कॅलिफोर्नियातील समुदायात 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदाचे चाहते मोठ्या संख्येने आले. त्यांना ओढ होती ती संगीताविषयी बोलण्याची; मोडेम जोडणे ते त्यासाठी शिकले. म्हणजे येथे कौशल्यामुळे समुदाय घडला नाही, समुदायाच्या ओढीने कौशल्य आले. कार्यकारणाचा हा उलटा क्रम पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

देवनागरीचा उंबरठा :
भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी आंतरजाल सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. १९९६ मध्ये अमेरिकेतून 'मायबोली', २००४ मध्ये 'मनोगत' आणि २००७ मध्ये 'मिसळपाव' ही संकेतस्थळे अवतरली. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा. या काळात मराठी लिहिणे ही खरोखरच कसोटी होती. तत्कालीन बहुसंख्य फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत. त्यामुळे वाचकाच्या संगणकावर तोच फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान होते खरे, पण विंडोज एक्सपीमध्ये जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी नियंत्रण-पटलात जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि बहुधा मूळ सीडीही शोधावी लागे. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र टंकणे तर अनेकांना दीर्घकाळ जमले नाही.

मात्र येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. त्याच काळात महाराष्ट्रातील शासकीय कार्यालये व न्यायालये यांत मराठी टंकलेखनाची परीक्षा उत्तीर्ण झालेले असंख्य कर्मचारी होते. मिनिटाला ३० शब्द या गतीने ते मराठी टंकीत असत. निव्वळ कौशल्याच्या निकषावर पाहता मराठी आंतरजालाचे पहिले नागरिक तेच ठरावयास हवे होते. प्रत्यक्षात त्या समुदायांत ठळकपणे दिसले ते परदेशस्थ व शहरी, संगणक व्यवसायाशी निगडित, रोमन कळफलकाला सरावलेले लोक. या संकेतस्थळांनी रोमन अक्षरांतून देवनागरी उमटविण्याची सोय केली, ती स्तुत्य होती यात शंका नाही. पण तिचा लाभ इंग्रजी वर्णाक्षरे हाताखाली असणाऱ्यांनाच प्रथम झाला. टंकलेखकाकडे कार्यालयीन यंत्र होते, घरी संगणक व जोडणी नव्हती. ज्याला 'तांत्रिक कौशल्य' म्हटले गेले त्याच्या पोटात इंग्रजी, उत्पन्न आणि फावला वेळ या तीन गोष्टी दडलेल्या होत्या. 'मराठी माणूस काय म्हणतो' याचा अंदाज त्या काळी या संकेतस्थळांवरून बांधणाऱ्यांनी ही निवड ध्यानात घेतली नाही, असे म्हणावे लागते.

उंबरठा खालावल्यानंतर :
राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीची (२०१७-१८) आकडेवारी या संदर्भात उद्बोधक आहे. पाच वर्षे व त्यावरील लोकसंख्येपैकी संगणक हाताळू शकणारे १६.५ टक्के, तर आंतरजाल वापरू शकणारे २०.१ टक्के आढळले. ग्रामीण भागात हेच प्रमाण अनुक्रमे ९.९ व १३.० टक्के होते. संगणक न येताही आंतरजालावर वावरणारा वर्ग निर्माण झाला होता, हे यातून उघड होते. २०१६ नंतर स्वस्त झालेला मोबाइल डेटा आणि २०१७ मध्ये मराठीसाठी उपलब्ध झालेले ध्वनिटंकन यांनी कळफलकाचा प्रश्नही बराचसा मोडीत काढला. गावातील भजनी मंडळाचा किंवा द्राक्ष बागायतदारांचा व्हॉट्सॲप गट हादेखील ऑनलाइन समुदायच होय, आणि त्यातील सदस्य अन्य गावकऱ्यांहून तांत्रिकदृष्ट्या वेगळे नसतात.

तरीही भेद पूर्णतः नाहीसा झालेला नाही; त्याचे स्थान बदलले आहे. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटू लागली. ॲरन हाफेकर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचे प्रमुख कारण म्हणून नवागतांचे लेखन झटपट रद्द करणारी यंत्रणा व ताठर नियम यांकडे बोट दाखविले. त्याच वर्षी संकेतचिन्हांविना संपादन करण्याची सोय तेथे आली, पण सोपे संपादन म्हणजे स्वीकृती नव्हे. संदर्भ कसा द्यावा, चर्चापानावर कोणत्या सुरात बोलावे, कोणते संक्षेप वापरावेत, हे कोणत्याही संगणक वर्गात शिकविले जात नाही. जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या विचारानुसार असे ज्ञान समुदायाच्या काठावर उमेदवारी करीतच मिळते. तीस वर्षे अध्यापन केलेला विषयतज्ज्ञ विकिपीडियावर प्रथम लिहितो तेव्हा तोही उमेदवारच असतो. त्याचा परिच्छेद संदर्भाअभावी वगळला जातो आणि तो वगळणारा कदाचित त्याच्याच महाविद्यालयातील द्वितीय वर्षाचा विद्यार्थी असतो.