मोटारीनें बर्फाच्या मुलुखांत

नांदेड जिल्ह्यांतील भोकर आणि काश्मिरांतील गुलमर्ग हीं दोन नांवें एका दमांत घेतलीं तर ऐकणारास नवल वाटेल. एकीकडे काळ्या मातीची, कापसाची, उन्हाळ्यांत पाणी जपून वापरणारी भूमि. दुसरीकडे हिवाळाभर बर्फाखालीं झांकलेलें, स्कीइंगसाठीं प्रसिद्ध असें पर्वतावरील कुरण. परंतु नकाशा उलगडला म्हणजे वाट अगदीं सरळ दिसते. भोकरवरून जाणारा 61 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग भैंसामार्गें निर्मळ येथें 44 क्रमांकाच्या महामार्गास मिळतो. तेथें डावीकडे वळलेली मोटार नागपूर, झांशी, आग्रा, दिल्ली, पठाणकोट व जम्मू ओलांडून श्रीनगरास जाते. अंतर सुमारें सव्वादोन हजार किलोमीटर. मुलेंबाळें बरोबर असतां रोज चारशे किलोमीटर धरले, तर सहा दिवसांचा हा प्रवास होतो.

या प्रवासाची खरी कसोटी अंतरांत नाहीं. ती पाण्यांत आहे. वाटेंत पाणी वारंवार रूप पालटतें, आणि प्रत्येक रूपाचा स्वभाव निराळा असतो. घरून निघतांना तो ओळखून ठेवणें हीच मुख्य तयारी होय.

पहिलें पाणी मोटारींतलें. इंजिन तापलें कीं रेडिएटरमध्यें साधें पाणी ओतण्याची संवय उष्ण प्रदेशांत पुष्कळांस असते. भोकरास ती खपून जाते. परंतु पाणी गोठतांना सुमारें 9 टक्के फुगतें. शून्याखालच्या रात्रीं मोटार उघड्यावर उभी राहिली, तर बंद नळ्यांतून त्यास फुगावयास जागा मिळत नाहीं, आणि मग तें धातूसहि तडा देतें. ग्लायकॉल व पाणी निम्में निम्में मिसळलें असतां तें मिश्रण उणे 35 अंशांपर्यंतहि गोठत नाहीं. म्हणून जुनें पाणी काढून हें कूलंट घरींच भरून घ्यावें. थंडीनें बॅटरीची शक्ति घटते. ती जुनी असल्यास बदलावी. उष्ण प्रदेशांत भरलेलें डिझेल कडक थंडींत मेणासारखें दाट होऊन गाळणींत अडकूं शकतें. यास्तव शेवटचा भरणा काश्मीर खोऱ्यांतील पंपावर करणें श्रेयस्कर.

दुसरें रूप धुक्याचें. डिसेंबर-जानेवारींत आग्र्यापासून पंजाबापर्यंतच्या मैदानांत रात्रीं जमीन झपाट्यानें निवते, आणि तिच्यालगतच्या ओलसर हवेंतील वाफेचे सूक्ष्म थेंब बनून दाट धुकें पसरतें. अशा वेळीं प्रखर दिवा लावल्यास प्रकाश त्या थेंबांवरून उलटून चालकाच्याच डोळ्यांवर येतो. दिव्याचा झोत खालींच ठेवावा लागतो. त्याहून उत्तम उपाय म्हणजे ऊन चढेपर्यंत मुक्काम न हलविणें. पहांटे निघून उन्हाआधीं मजल मारण्याचा मराठवाड्यांतील शहाणपणा येथें उलटा ठरतो.

तिसरें रूप सर्वांत फसवें. जम्मूपुढील घाटांतला प्रवास आतां पूर्वीपेक्षां पुष्कळ सोपा झाला आहे. 2017 सालीं चेनानी-नाशरी हा 9 किलोमीटरांहून लांब बोगदा खुला झाला, व 2021 सालीं बनिहाल-काझीगुंड हा साडेआठ किलोमीटरांचा बोगदा वाहतुकीस मिळाला. तरीहि दरडी व हिमवर्षाव यांमुळें रस्ता अधूनमधून बंद होतो. म्हणून वाहतूक पोलिसांची त्या दिवसाची सूचना पाहूनच निघावें. दुपारीं वितळलेलें बर्फ संध्याकाळीं पुन्हां गोठतें आणि डांबरावर कांचेसारखा पातळ थर धरतें. तो दिसत नाहीं, पण चाकाची पकड सुटते. टंगमर्ग ते गुलमर्ग या 13 किलोमीटरांच्या चढावर ताजें बर्फ असतां सांखळ्या लावलेलीं किंवा चारहि चाकांना गति असलेलीं वाहनेंच सोडतात. आपली मोटार टंगमर्गास ठेवून तेथील जाणत्या चालकाचें वाहन घेणें यांत कमीपणा नाहीं.

उरलें तें शरीर. गुलमर्ग सुमारें 2,650 मीटर उंचीवर आहे, आणि तेथील रज्जुमार्गाचा दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर जवळजवळ 3,980 मीटरांपर्यंत नेतो. अडीच हजार मीटरांवर विरळ हवेनें डोकें दुखणें, मळमळणें असे विकार होऊं शकतात. त्यासाठीं श्रीनगरास एक-दोन रात्री विसांवा घ्यावा, आणि त्रास वाढूं लागल्यास खालीं उतरावें. थंड कोरड्या हवेंत तहान लागत नाहीं, पण शरीरांतलें पाणी घटत असतें. मुलांना आठवणीनें पाजावें लागतें. आपल्याकडचा सुती कपडा घामानें भिजला कीं ऊब गमावतो, म्हणून अंगालगत लोंकरीचें वस्त्र असावें. ताज्या बर्फावरून उलटणाऱ्या प्रकाशासाठीं काळा चष्मा मुलांसहि हवा.

एवढें झाल्यावर मुलांच्या पायांना स्कीच्या लांब पट्ट्या बांधल्या जातात. त्या कां घसरतात? बर्फाच्या पृष्ठावर, आणि घर्षणाच्या उष्णतेनें तर विशेषच, पाण्याचा अत्यंत पातळ थर तयार होतो. हाच निसरडेपणा सौम्य उतारावर, शिक्षकाच्या नजरेखालीं, खेळ असतो; घाटाच्या वळणावर, भरल्या मोटारीच्या चाकाखालीं, तोच प्राणसंकट होतो. म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधतांनाच कुटुंबानें दोन दिवस जास्तीचे हिशेबांत धरावे. परतीची तारीख फार घट्ट बांधलेली असली, कीं धुक्यांत आणि गोठत्या रस्त्यावर थांबण्याचें धैर्य माणसास होत नाहीं.