हळदीचा डाग आणि श्रावणातलं ऊन

गोष्ट आमच्या चौथीच्या वर्गातली. तेरा ऑगस्टला मधल्या सुट्टीत एका मुलीचा डबा सांडला आणि बटाट्याची पिवळीधमक भाजी थेट पांढऱ्या सदऱ्यावर! परवा झेंडावंदन, गणवेश एकच. पोरगी रडकुंडीला आली. घरी आईने साबण लावून घासला, तर डाग चक्क लाल झाला. आता तर दोघीही घाबरल्या. पण आजी शांत. म्हणाली, "धुऊन उन्हात टाक गं, ऊन खाईल त्याला."

श्रावणातलं ऊन, भरवसा काय? पण चौदा तारखेला दुपारभर ते पडलं. पंधरा ऑगस्टला पोरगी पहिल्या रांगेत उभी होती. डाग शोधूनच काढावा लागला असता.

नंतर वर्गात तिनेच विचारलं, "बाई, पाण्याने गेला नाही, साबणाने गेला नाही, मग नुसत्या उन्हाने कसा गेला?" खरं सांगते, मला लगेच उत्तर देता आलं नाही. पुस्तकं चाळावी लागली.

हळदीला पिवळेपण देणाऱ्या मुख्य रंगद्रव्याचं नाव करक्युमिन. फोगेल आणि पेल्तिए या दोघांनी १८१५ साली हा रंग हळदीपासून वेगळा केला. त्याच्या रेणूची रचना कळायला मात्र १९१० साल उजाडलं. हा रेणू मोठा हट्टी आहे. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात नि स्पिरिटमध्ये लगेच विरघळतो. म्हणून तर फोडणीत हळद पडली की सगळं तेल पिवळं होतं. साबणात क्षार असतो, त्याने करक्युमिन लालसर होतं. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं, ती हीच करामत. लिंबू पिळा, पुन्हा पिवळं!

आता उन्हाकडे वळू. करक्युमिनला प्रकाशातला जांभळा-निळा भाग फार आवडतो. तो ते गिळतं, उरलेला आपल्या डोळ्यांकडे येतो, म्हणून हळद पिवळी दिसते. पण गिळलेली ऊर्जा ठेवणार कुठे? ती टाकून द्यावीच लागते. काही वेळा रेणू ती प्रकाश म्हणून परत फेकतो आणि चमकतो. बहुतेक वेळा ती उष्णता होऊन निघून जाते. या रेणूच्या मधोमध दोन ऑक्सिजनच्या मध्ये एक हायड्रोजन असतो. प्रकाश पडला की तो क्षणार्धात या ऑक्सिजनकडून त्या ऑक्सिजनकडे उडी मारतो, आणि त्या गडबडीतही ऊर्जा खर्च होते. कधीकधी मात्र रेणूच मोडतो. मोडलेल्या तुकड्यांना पिवळा रंग नसतो. आजीचं 'ऊन खाईल' ते हेच! गंमत म्हणजे त्या तुकड्यांमध्ये व्हॅनिलिनही सापडतं. होय, आइस्क्रीमच्या वासातलं.

यातला कोणता रस्ता रेणू किती वेळा धरेल, हे तो कशात विरघळलाय यावरही ठरतं. हे मला सगळ्यात नवल वाटलं. हळद तीच, उजेड तोच, पण द्रावक बदलला की वागणं बदललं. (आपलीही काही मुलं घरी एक आणि वर्गात दुसरीच असतात!) १९९४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हे मोजलं. टोल्यूइन नावाच्या द्रावकात करक्युमिनची चमक निळसर, अॅसिटोनायट्राइलमध्ये हिरवी, तर अल्कोहोलमध्ये पिवळसर हिरवी. अॅसिटोनायट्राइलमध्ये गिळलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे साधारण दहाच चमक होऊन परत येतात. साबणासारख्या पदार्थाच्या पाण्यात तर जेमतेम एक. त्याआधी १९८६ साली नॉर्वेच्या हन्ने टोनेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या द्रावकांत करक्युमिन उजेडात ठेवलं आणि ते निम्मं व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं. द्रावकागणिक वेळ वेगळा आला.

आपल्याकडे टोल्यूइन नको, ते विषारी असतं. पण तीन काचेचे पेले घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात खोबरेल, तिसऱ्यात थोडं स्पिरिट. प्रत्येकात चिमूटभर हळद टाकून ढवळा आणि गाळ खाली बसू द्या. खोली अंधारी करून नोटा तपासायची जांभळी टॉर्च मारा. तेल आणि स्पिरिट हिरवट चमकतील, पाणी मात्र गढूळ नि मंद दिसेल. पालकहो, या वेळी तुम्ही शेजारी हवेतच. स्पिरिट पटकन पेट घेतं, त्यामुळे जवळ गॅस किंवा दिवा नको, आणि टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर मारू नका.

एका मुलाने शंका काढली, "मग शेतात हळद उन्हातच वाळवतात, ती पांढरी का होत नाही?" शाब्बास! उजेड हळकुंडाच्या सालीपुढे फारसा शिरत नाही, आतला रंग सुरक्षित राहतो. दळल्यावर मात्र कण उघडे पडतात. म्हणून हळदीची बरणी खिडकीत ठेवू नये. माझ्या स्वयंपाकघरात ती वर्षभर खिडकीतच होती, हे इथेच कबूल करते.

सध्या आमच्या वर्गाच्या खिडकीत जुन्या पांढऱ्या रुमालाचे दोन तुकडे टांगलेत. एकावर पाण्यात कालवलेली हळद, दुसऱ्यावर तेलात कालवलेली. दोन्हींचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकलाय. कुठला आधी फिका पडेल यावर वर्गात दोन तट पडले आहेत. तुम्हीही लावून बघा, आणि रोज किती तास ऊन पडलं ते वहीत लिहायला विसरू नका.