जुन्या चाकांवर, भाग ७ : हिशेब फेऱ्यांचा

मागच्या भागात सहा चाकांच्या उभयचर गाडीचा सांगाडा पाहिला: प्लास्टिकचा टब, स्प्रिंगशिवाय बसवलेली सहा फुगीर चाकं, दोन्ही बाजूंना चेन, आणि वळायचं तर एका बाजूच्या चाकांना ब्रेक. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात १९६७ पासून बनणारी आर्गो ही या घराण्यातली सर्वांत टिकाऊ शाखा. आपल्याकडे अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. ऑगस्ट २०२५ च्या पंजाबच्या पुरात लष्कराने एटॉर एन-१२०० उतरवली होती, पण ती चारचाकी आणि आकाराने कितीतरी मोठी. उपयोग काय, हे मात्र भिवंडीत समजावून सांगावं लागत नाही. २६ जुलै २००५ चा पूर इथे अजून लोकांच्या बोलण्यात येतो आणि कामवारी नदी फुगली की तीन बत्तीच्या बाजारात काय होतं, ते दुकानदारांना विचारावं.

या जुन्या गाड्यांत बहुधा टू-स्ट्रोक इंजिन असे. वजनाला हलकं, आवाजाला दांडगं, मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास रंगात येणारं. आता त्याचे पिस्टन, क्रँकचे सील मिळवायचे म्हणजे परदेशातल्या कुणाच्या तरी अडगळीवर भिस्त ठेवायची. म्हणून मालक फोर-स्ट्रोककडे वळतो: पंप, जनरेटर, गवत कापायची यंत्रं यांवर असतं तसलं, हवेने थंड होणारं, एक किंवा दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. कागदावर अश्वशक्ती तेवढीच, नाहीतर दोन जास्तच. बोल्ट जुळले, इंजिन बसलं, सुरू झालं. ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं, गाडी जेमतेम सरकली आणि दहा मिनिटांत रबर जळाल्याचा वास!

दोष इंजिनाचा नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बेल्ट असतो, स्कूटीत असतो त्याच जातीचा. फेऱ्या वाढल्या की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. स्कूटीत क्लच मागे वेगळा असतो. इथे पुढची पुली हाच क्लच. टू-स्ट्रोकसाठी लावलेली पुली तीन-साडेतीन हजार फेऱ्यांना बेल्ट पकडायला सुरुवात करते. नव्या इंजिनाचा गव्हर्नर ३६०० च्या वर जाऊच देत नाही. म्हणजे पुलीला पकड येते न येते तोच इंजिनाची हद्द संपते. मधल्या मध्ये बेल्ट घसरत राहतो आणि भाजतो. पुलीतली स्प्रिंग बदलून, वजनं वाढवून पकड दोन हजारांच्या आसपास आणावी लागते. या कामाला वेळ द्यायचा. बाकी सगळं नटबोल्टचं काम आहे.

हा हिशेब पॉवरलूमच्या भिवंडीला नवा नाही. ९६० फेऱ्यांची मोटर, तिच्यावर ३ इंची पुली, लूमवर १८ इंची: लूमला मिनिटाला १६० फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला एक धोटा. कापड जास्त निघावं म्हणून मालक मोटरवर साडेतीन इंची पुली चढवायला सांगतो, धोटा उडायला लागतो, सूत तुटायला लागतं, आणि लूम दुरुस्त करणारा जॉबर मुकाट्याने जुनी पुली परत बसवतो. नुसत्या अश्वशक्तीने काही होत नाही, फेऱ्या कुठे हव्यात ते आधी ठरवावं लागतं, हे त्याला शाळेत न जाताही ठाऊक असतं.

जुन्या इंजिनाच्या ६००० फेऱ्यांना गाडी ताशी ४५ किलोमीटर जात होती असं धरलं, तर तेवढ्याच गिअरमध्ये ३६०० ला ती २७ वर थांबणार. पुढचं स्प्रॉकेट मोठं करून वेग परत मिळवता येतो, पण त्या बदल्यात चिखलातली ओढ जाते. माझं मत विचाराल तर हात लावू नये. पाण्यात ही गाडी टायरच्या खाचांनी पाणी मागे ढकलत चालते, माणसाच्या चालीने. तिथे ४५ काय आणि २७ काय!

आता लेथवर. टू-स्ट्रोकचा शाफ्ट बहुधा निमुळता, नव्या इंजिनाचा सरळ, एक इंची, पाव इंची चावीचा. जुनी पुली त्यावर बसत नाही. सर्वांत बरं म्हणजे सरळ भोकाची पुलीच घ्यावी. नाहीच मिळाली तर ईएन-८ च्या रॉडमधून स्लीव्ह कातून घ्यायची: आतून सरळ, बाहेरून निमुळती. टर्नर निमुळत्या अंगाला निळा लावतो, पुलीत घालून किंचित फिरवतो आणि काढून बघतो. निळा सगळीकडे सारखा पुसला गेला पाहिजे. एका टोकालाच पुसला असेल तर पुली तेवढ्याच कडेवर टेकलीय. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून पुन्हा घासायचं. मग स्लॉटिंगवर चावीचा गाळा. पॉवरलूमच्या सुट्या भागांवर हात बसलेल्या टर्नरला यात अवघड असं काही नाही. फिरण्याची दिशा मात्र आधी बघून घ्या. इंजिन उलट्या बाजूला तोंड करून बसवलं तर पुढचा गिअर टाकल्यावर गाडी मागे जाते.

रिक्षाचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन स्वस्तात मिळतं, तेच टाकू, असं सांगणारा मिस्त्री भेटतोच. नको. ते जड असतं आणि त्याची थरथर प्लास्टिकच्या टबाला सोसत नाही. बोल्टच्या भोकांपाशी चिरा पडतात. वजनाचा हिशेब सोपा आहे. टबाची पाण्यावरची पसरण दोन चौरस मीटर धरली तर दर २० किलोला गाडी एक सेंटिमीटर खाली जाते. ४० किलो वाढले की दोन सेंटिमीटर, आणि इंजिन मागे असलं तर मागची कड त्याहून खाली. ॲक्सलची भोकं तशीही पाण्याखालीच असतात. म्हणून नवं इंजिन विकत घेण्याआधी त्याच्या वजनाच्या रेतीच्या गोण्या टबात ठेवून गाडी पाण्यात सोडावी, खडूने पातळीची रेघ मारावी. वऱ्हाळा तलावात मात्र नको, ते पिण्याचं पाणी आहे.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला टबात कोंडलं की ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. थंड हवा आत आणायला एक नळ आणि गरम हवा बाहेर टाकायला दुसरा, असे दोन वेगळे मार्ग हवेत. सायलेन्सर टबापासून दूर, मध्ये पत्रा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती टबाच्या तळाशी साचून राहते. म्हणून स्टार्टर मारण्याआधी झाकण उघडून हुंगायची सवय लावा, आणि पाणी उपसायचा पंप ठिणगी न उडवणारा, बोटीवरचाच घ्या.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणाऱ्या फेरबदलांना मनाई आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. नोंदणी नसलेली गाडी तर रस्त्यावर आणायचीच नाही. टेम्पोत घालून न्यायची.

पहिल्या तासाभराने बेल्टवरचं झाकण काढून हात जवळ न्या. चटका बसण्याइतका बेल्ट तापला असेल तर स्प्रिंग अजून कडक आहे किंवा दोन पुल्या एका रेषेत नाहीत. सरळ पट्टी दोन्हींच्या कडांना लावली की कळतं. पहिलं ऑइल लवकर बदला, त्यात लोखंडाचा चुरा दिसेलच. पुढच्या भागात चेन, आणि पाण्याखालच्या बेअरिंगांत ग्रीस कुठून आणि किती भरायचं ते.