गिरणीमालकाचे दान आणि कामगारांचा रविवार

लालबाग-परळच्या माणसाला 'बैलघोडा हॉस्पिटल' कुठे, हे सांगावे लागत नाही. आजही ते चालू आहे. त्याचे पुरे नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल. साकरबाई या सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पत्नी. दिनशा शेठ (१८२३–१९०१) म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांचे एक बडे धनी; गिरणीमालक संघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले, आणि १८९० साली ते बॅरोनेट झाले.

हे दान दिखाऊ होते असे आम्ही म्हणणार नाही. त्या काळी मुंबईच्या ट्रामी घोडे ओढीत, मालाचे खटारे बैल ओढीत. जायबंदी जनावराला कोण विचारतो? दवाखाना झाला आणि त्याच्या आश्रयाने १८८६ साली पशुवैद्यकाचे कॉलेजही निघाले. १८८७ च्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटलाही शेठजींचा हातभार होता.

आता त्याच दशकातली दुसरी गोष्ट. सप्टेंबर १८८४ मध्ये परळलाच नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरविली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज झाला. मागणे काय? आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पंधरा तारखेच्या आत, आणि यंत्रात सापडून जखमी झाल्यास बरा होईपर्यंत पगार. बैलाच्या जखमेची सोय ज्या परळात झाली, त्याच परळात माणूस आपल्या जखमेसाठी अर्ज करीत होता!

दाता असा आणि मालक तसा, हे कसे? आम्हाला यात कोडे दिसत नाही. दान मर्जीचे असते. किती द्यायचे, कोणाला, केव्हा, हे देणारा ठरवितो, आणि भिंतीवर नाव लागते. रविवार एकदा दिला की तो दर आठवड्याला, सगळ्यांना द्यावा लागतो. वर शेजारची गिरणी चालू राहिली तर तोटा आपल्याच अंगावर. तेव्हा तो एका शेठजीच्या दयाळूपणातून येणे कठीणच. सगळ्या मालकांनी मिळून द्यायला हवा होता, आणि त्यासाठी सगळ्या कामगारांनी मिळून मागायला हवा होता. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगार सभेला जमले. १० जून रोजी मालक संघाने रविवार मान्य केला.

जखमी कामगाराच्या भरपाईला मात्र १९२३ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. त्याच साली ज्युबिली इन्स्टिट्यूट भायखळ्याहून माटुंग्याला गेली.