कर्करोग-संशोधक कसा घडतो?

आपल्या समाजात डॉक्टर, वकील व सनदी हिशेबतपासनीस पुष्कळ झाले. परंतु रोगाचे मूळ शोधण्यात आयुष्य वेचणारे विरळाच. यास बुद्धीची उणीव कारण नव्हे. असा मनुष्य घडण्यास किती काळ लागतो आणि तोवर त्याचा योगक्षेम कसा चालतो, हेच आपल्या घरांतून ठाऊक नसते.

कै. डॉ. कमल रणदिवे यांचे उदाहरण पाहावे. जन्म १९१७, पुणे. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक. मुलीने वैद्यक शिकावे ही त्यांची इच्छा, पण मुलीची ओढ शास्त्राकडे. विवाहानंतर मुंबईस आल्यावर, १९४१ साली उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्या काम करू लागल्या. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, तरी उमेदवारी संपली नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गे यांच्यापाशी त्यांनी जिवंत पेशी काचपात्रात वाढविण्याची विद्या संपादिली. परत आल्यावर, १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्या विद्येची प्रयोगशाळा उभारली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आपल्या पेढीवरदेखील दाणा दाताखाली धरून ओल ओळखू लागेपर्यंत मुलास एकट्याने खरेदीस धाडीत नाहीत. येथेही न्याय तोच.

त्या केंद्राची परंपरा २००२ साली खारघरला हलली. अशा संस्थांतील क्रम साधारणतः असा : पदव्युत्तर पदवी, राष्ट्रीय पात्रता परीक्षा, त्यानंतर सुमारे पाच वर्षे प्रबंधाचे काम. सरकारी पाठ्यवृत्तीचा १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेला दर पहिली दोन वर्षे मासिक ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये असा असून घरभाडे निराळे. उमेदवारास सर्वांत आधी शिकवितात ती नोंदवही. फसलेला प्रयोगही तारखेनिशी लिहावयाचा, पान फाडावयाचे नाही. रोजकीर्द ठेवणारास हे वेगळे समजावून सांगावयास नकोच. प्रबंधानंतर बहुधा आणखी दोन-तीन वर्षे दुसऱ्या प्रयोगशाळेत काढावी लागतात. तेव्हा कोठे स्वतंत्र जागा मिळण्याची आशा.

आपल्या घरांत मात्र पैशाआधी निघतो तो उंदरांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. रणदिवेबाईंनी स्तनाच्या कर्करोगावर केलेले काम उंदरांवरच होते, आणि यात हिंसा नाही असे मी तरी म्हणणार नाही. १९५९ साली रसेल व बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राण्यांचा उपयोग टाळावा, संख्या कमी करावी व वेदना घटवाव्या, अशी त्रिसूत्री मांडली. आपल्याकडे १९६० च्या कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे. तरीही ज्याच्या मनास पटत नाही, त्यास या क्षेत्राचे दार बंद होत नाही. मुंबईत १९६३ पासून कर्करोग्यांची लोकसंख्येवर आधारलेली नोंद ठेवली जाते, १९८१ साली त्याच धर्तीवर राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम सुरू झाला. कोणता कर्करोग कोठे, कोणास व का होतो, हे त्या आकड्यांतून काढणारे गणिती व रोगप्रसारशास्त्रज्ञ हवेच आहेत. तेथे उंदीर लागत नाही.

अशा शोधाचा आपल्या वखारीशीही संबंध येतो. ओलसर भुईमुगावर व मक्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी भुईमुगाच्या पेंडीतून त्यास बळी पडले, तेव्हा ते ध्यानात आले. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी खेड्यांत बुरसलेल्या मक्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. दीर्घकाळ पोटात गेल्यास हेच विष यकृताचा कर्करोग जडविते. बुरसा माल पाखडून, मिसळून खपविणारे आपल्या धंद्यात नाहीत काय?

आता संघाविषयी. आपल्या शिष्यवृत्तीचे नियम पदवी हाती पडताच हात आखडतात. वास्तविक अडचण नंतर येते : पाठ्यवृत्तीची रक्कम कधी महिनोन्‌महिने अडते, प्रबंध पाच वर्षांत न आटोपल्यास ती थांबते, आणि पंचविशीतील मुलीच्या घरी लग्नाची घाई सुरू होते. तिसऱ्या बाबतीत नियम काय करणार? पण पहिल्या दोहोंसाठी बिनव्याजी उचल देण्याची तरतूद करता येईल. तसा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे मी मांडणार असून अनुमोदन देणाऱ्या सभासदांनी आपली नावे चिटणिसांकडे कळवावीत.